भावाच्या अर्जावरून अमेरिकेचा स्थलांतरित व्हिसा : २००५ ते २०२५

जानेवारी २०२५मध्ये मला, माझ्या यजमानांना आणि मुलीला अमेरिकेचा स्थलांतरित व्हिसा मिळाला. न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, त्यासाठीचा अर्ज डिसेंबर २००५मध्ये केला होता. मधल्या काळात या वर्गातल्या अर्जाविषयी मराठीत सविस्तर काही वाचायला मिळावे म्हणून मी पुष्कळ शोधले. जे मिळाले ते बहुतेक नोकरीच्या किंवा विद्यार्थ्यांच्या व्हिसाविषयी होते. म्हणून काय घडले, कुठे थांबावे लागले, कोणते कागद कुठून मिळवले आणि खर्च किती आला, हे क्रमाने लिहून ठेवते आहे. अमेरिकेत बेकायदा स्थलांतराचा वाद पेटला की ‘त्या लोकांनी रांगेत उभे राहून यावे’ असे दोन्ही बाजूंचे पुढारी सांगतात. त्या रांगेत मी होते, त्यामुळे ती प्रत्यक्षात कशी चालते हेही सांगणे मला आवश्यक वाटते.

आधी नियम. अमेरिकेतील कुटुंबाधारित स्थलांतराच्या आजच्या व्यवस्थेचा पाया १९६५च्या कायद्याने घातला. अमेरिकी नागरिकाचे पती किंवा पत्नी, आईवडील आणि २१ वर्षांखालील अविवाहित मुले यांच्यासाठी संख्येची मर्यादा नाही. भावंडांसाठी मात्र एफ-४ हा वेगळा वर्ग आहे आणि त्यात वर्षाला साधारण ६५,००० व्हिसा असतात. त्याशिवाय, संख्येची मर्यादा असलेल्या सर्व वर्गांतील मिळून एकूण व्हिसांपैकी ७ टक्क्यांहून अधिक कोणत्याही एका देशाच्या वाट्याला येऊ शकत नाहीत, मग तो देश आइसलँडएवढा असो की भारताएवढा. भावंडाचा जोडीदार आणि मुलेही याच ६५,०००मध्ये मोजली जातात, म्हणजे चौघांचे कुटुंब असेल तर एका अर्जामागे चार व्हिसा खर्ची पडतात. भारतीयांची रांग इतकी लांब का, याचे उत्तर या आकड्यांतच आहे; कोणा अधिकाऱ्याच्या मर्जीचा तिच्याशी संबंध नाही.

दादा १९९०च्या दशकात नोकरीच्या व्हिसावर गेला आणि २००४मध्ये नागरिक झाला. पुढच्या वर्षी त्याने माझ्यासाठी आय-१३० हा अर्ज भरला. आम्ही भावंडे आहोत हे सिद्ध करण्यासाठी दोघांचे जन्मदाखले लागले, आणि आपल्याकडच्या नावांच्या पद्धतीमुळे त्यातच पहिली अडचण उभी राहिली. माझ्या जन्मदाखल्यावर वडिलांचे नाव आणि माहेरचे आडनाव, तर पासपोर्टवर यजमानांचे नाव आणि सासरचे आडनाव. लग्नानंतरच्या नावबदलाची महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातील नोंद आणि दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र जोडल्यावर हा प्रश्न सुटला. विवाहित बहिणीसाठी अर्ज करणाऱ्यांनी हे दोन कागद पहिल्याच दिवशी जोडावेत.

अर्ज पोहोचला ती तारीख, म्हणजे ‘प्रायॉरिटी डेट’, हीच या प्रवासातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट. अर्ज मंजूर झाल्याचे पत्र जानेवारी २०१०मध्ये आले, पण मंजुरी म्हणजे व्हिसा नव्हे. अमेरिकेचे परराष्ट्र खाते दर महिन्याला व्हिसा बुलेटिन प्रसिद्ध करते आणि त्यात प्रत्येक वर्गासाठी व देशासाठी एक तारीख दिलेली असते. आपली तारीख तिच्या आधीची झाली की आपली पाळी येते. ही तारीख कधी काही आठवडे पुढे सरकते, कधी महिनोन्महिने जागची हलत नाही आणि कधी चक्क मागेही जाते. पैसे देऊन ती कोणालाही हलवता येत नाही. मुंबईत आणि ठाण्यात ‘फाइल पुढे सरकवून देतो’ असे सांगणारे सल्लागार मला भेटले. अशांना एक रुपयाही देऊ नये.

२०११च्या सुरुवातीला भाच्याची मुंज होती. मी पर्यटक व्हिसासाठी अर्ज केला. ‘तुमच्यासाठी कोणी स्थलांतराचा अर्ज केला आहे का’ असा थेट प्रश्न त्यात असतो आणि मी ‘हो’ असे खरे उत्तर दिले. व्हिसा मिळाला नाही. कायद्याच्या २१४(बी) या कलमानुसार पर्यटक म्हणून येणारा माणूस तिथेच राहणार असे गृहीत धरले जाते आणि तसे नाही हे त्याने पटवून द्यायचे असते. माझ्या नावावरचा आय-१३० अर्ज नेमकी उलट साक्ष देत होता. त्या काळात काही आप्तांनी सुचवले की, कसाबसा पर्यटक व्हिसा मिळवावा, जावे आणि तिथेच राहून जावे. त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण १९९६च्या कायद्यानुसार मुदत संपल्यावर १८० दिवसांहून अधिक काळ बेकायदा राहून देश सोडला तर तीन वर्षे आणि एक वर्ष किंवा अधिक राहिले तर दहा वर्षे पुन्हा प्रवेश बंद होतो. प्रश्नाचे खोटे उत्तर दिल्याचे उघडकीस आले तर कायमची बंदी येऊ शकते. या वाटेने जाऊ नये हे माझे मत तेव्हाही होते आणि आजही आहे.

२०१३ हे वर्ष मला विसरता येणार नाही. अमेरिकी सिनेटमधल्या दोन्ही पक्षांच्या आठ सदस्यांनी एप्रिलमध्ये स्थलांतर सुधारणेचे मोठे विधेयक मांडले आणि २७ जून रोजी ते ६८ विरुद्ध ३२ मतांनी संमत झाले. कागदपत्रांशिवाय राहणाऱ्या सुमारे १ कोटी १० लाख लोकांना दंड, कर आणि गुन्हेगारी नोंदींची तपासणी या अटींवर तेरा वर्षांच्या वाटेने नागरिकत्वापर्यंत नेण्याची तरतूद त्यात होती. सीमेवरील बंदोबस्त वाढवण्यासाठी प्रचंड खर्चही होता. वर्तमानपत्रांत या दोनच गोष्टी आल्या. पण आमच्यासारख्यांनी ते विधेयक वाचले ते आणखी दोन तरतुदींसाठी. भावंडांचा वर्ग कायदा झाल्यापासून अठरा महिन्यांनी नव्या अर्जांना बंद होणार होता. आणि जे आधीपासून रांगेत आहेत त्यांचा तुंबलेला साठा ठरावीक वर्षांत मोकळा केला जाणार होता. कागदपत्रे नसलेल्यांना कायम वास्तव्याचा हक्क त्यानंतरच मिळणार होता. म्हणजे त्यांचे आणि आमचे नशीब एकाच कागदावर लिहिलेले होते. प्रतिनिधिगृहाने ते विधेयक मतदानालाच घेतले नाही. ते जिथल्या तिथे राहिले आणि आम्हीही.

तेव्हापासून मला या वादातली एक मांडणी पटत नाही. कायदेशीर मार्गाने येणारे एका बाजूला आणि बेकायदा आलेले दुसऱ्या बाजूला, एकाला काही मिळाले तर दुसऱ्याचे गेले, असे चित्र दोन्हीकडचे वक्ते रंगवतात. १९८६मध्ये अध्यक्ष रेगन यांच्या सहीने झालेल्या कायद्यामुळे सुमारे २७ लाख लोकांचे वास्तव्य नियमित झाले. त्यानंतर एवढ्या व्याप्तीची दुसरी तरतूद झाली नाही, आणि देशनिहाय मर्यादाही हटली नाही. दार अरुंद ठेवायचे आणि भिंत चढणाऱ्याला ‘दारातून ये’ म्हणायचे, या दोन्ही गोष्टींचा हिशेब एकत्रच मांडावा लागतो.

२०२०मध्ये करोना आला. २२ एप्रिलच्या अध्यक्षीय घोषणेने अमेरिकेतील रोजगार वाचवण्याचे कारण देऊन अनेक स्थलांतरित व्हिसा थांबवले. त्यात भावंडांचा वर्गही होता. ती घोषणा २४ फेब्रुवारी २०२१ रोजी मागे घेतली गेली. न वापरलेले सुमारे १,२२,००० कुटुंबाधारित व्हिसा नियमानुसार पुढील वर्षी नोकरीच्या वर्गांकडे गेले. ते आमच्या रांगेत परत आले नाहीत. त्या वर्षांत मी बुलेटिन उघडणे जवळजवळ सोडून दिले होते. दादा दर महिन्याला पाहून फोनवर सांगायचा, ‘अजून नाही गं.’

२०२३च्या मध्यावर न्यू हॅम्पशायरमधील राष्ट्रीय व्हिसा केंद्राकडून, म्हणजे एनव्हीसीकडून, कागदपत्रे पाठवण्याची सूचना आली. आमची मुलाखत मुंबईत व्हायची होती आणि आमच्या प्रकरण क्रमांकाची सुरुवातही ‘बीएमबी’ या मुंबईच्या अक्षरांनी होते. प्रत्येकी ३२५ डॉलर आणि दादाच्या आर्थिक हमीपत्रासाठी एकदाच १२० डॉलर, असे तिघांचे १,०९५ डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे ९१,००० रुपये झाले. हे शुल्क अमेरिकी बँक खात्यातूनच भरावे लागते, त्यामुळे ते दादाने भरले. पुढे प्रत्येकाने डीएस-२६० हा ऑनलाइन अर्ज भरायचा असतो. वयाच्या सोळाव्या वर्षापासूनचे सर्व पत्ते, नोकऱ्यांचा तपशील, मागील पाच वर्षांतील समाजमाध्यमांवरील खाती असे सारे त्यात विचारतात. पत्ते आणि तारखा आधी वहीत लिहून काढाव्यात आणि मगच संगणकासमोर बसावे.

खरी दमछाक जुन्या कागदांनी केली. यजमानांचा जन्म सातारा जिल्ह्यातील गावी घरातच झाला आणि ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत त्याची नोंद नव्हती. अशा वेळी नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला, जन्माची प्रत्यक्ष माहिती असणाऱ्या दोन वडीलधाऱ्या नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रे आणि शाळा सोडल्याचा दाखला चालतो. ग्रामसेवकांकडे आणखी एका गावाचा कारभार होता, त्यामुळे ते ठरावीक वारीच भेटत. भेटल्यावर मात्र त्यांनी जुन्या वह्या स्वतः उतरवून आमच्यासमोर पाने उलटली. दोनपैकी एक प्रतिज्ञापत्र यजमानांच्या ऐंशी उलटलेल्या आत्यांनी दिले. तहसील कचेरीत त्यांना हाताला धरून न्यावे लागले, पण कोणत्या सणाच्या आधी आणि कोणत्या खोलीत बाळ जन्मले हे त्यांनी न अडखळता सांगितले. ज्यांची पाळी यायला अजून वर्षे आहेत त्यांनी निदान ही प्रतिज्ञापत्रे तरी आजच करून ठेवावीत, कारण साक्ष देणारी माणसे आपल्यासाठी थांबू शकत नाहीत. आम्हाला १०० रुपयांचा मुद्रांक लागला. ऑक्टोबर २०२४मध्ये राज्यात १००ऐवजी ५०० रुपयांचा मुद्रांक लागू झाला.

आमचे लग्न १९९४चे, त्या काळी बहुतेकांप्रमाणे नोंदणीविना झालेले. महापालिकेच्या विभाग कार्यालयात लग्नपत्रिका, फोटो आणि तीन साक्षीदार घेऊन नोंदणी केली. लग्न लावणारे गुरुजी हयात नव्हते, म्हणून त्याचे वेगळे प्रतिज्ञापत्र द्यावे लागले. पोलिसांच्या दाखल्यासाठी अंधेरीच्या पासपोर्ट सेवा केंद्रात प्रत्येकी ५०० रुपये भरले आणि नंतर स्थानिक पोलीस ठाण्यात पडताळणी झाली. या दाखल्याला मुदत असते, तो फार आधी काढू नये. मराठी कागदांची इंग्रजी भाषांतरे भाषांतरकाराच्या प्रमाणपत्रासह जोडली.

हे सारे चालू असताना, २६ डिसेंबर २०२३च्या पहाटे, निकाराग्वाला निघालेले आणि फ्रान्समध्ये अडवलेले एक विमान २७६ प्रवाशांसह मुंबईत उतरले. त्यातले बहुतेक भारतीय होते, आणि मध्य अमेरिकेतून पुढे अमेरिकेच्या सीमेपर्यंत जाण्याचा त्यांच्यापैकी अनेकांचा बेत असावा, असा तपास यंत्रणांचा संशय होता. त्या आठवड्यात मी भाषांतरांच्या प्रती तपासत होते. विमानतळाबाहेर तोंड झाकून भराभर निघून जाणारी तरुण मुले दूरदर्शनवर पाहिली तेव्हा राग आला नाही. एजंटासाठी कोणाच्या आईने काय विकले असेल, हाच विचार मनात आला.

आता सर्वांत कठीण भाग. अर्ज केला तेव्हा मुलगा नऊ वर्षांचा आणि मुलगी चार वर्षांची होती. अर्जात मुलांचा समावेश ती अविवाहित आणि २१ वर्षांखालील असतील तरच होतो. २००२च्या एका कायद्याने त्यात थोडी सवलत दिली आहे : पाळी येते त्या दिवशीच्या वयातून, अर्ज मंजूर व्हायला जितका काळ लागला तो वजा करतात. आमच्या बाबतीत हा काळ चार वर्षांहून थोडा जास्त होता. २०२४च्या उन्हाळ्यात पाळी आली तेव्हा मुलीचे वय बावीस पूर्ण होते, वजाबाकीनंतर अठरा झाले आणि ती बसली. मुलाचे वय वजाबाकीनंतरही तेवीसच्या पुढे गेले आणि तो बाहेर पडला. हे गणित मी कित्येक वर्षे आधीच कागदावर मांडले होते आणि उत्तरही माहीत होते, तरीही मुलाच्या नावापुढे ‘अपात्र’ असे वाचताना आम्ही दोघेही बराच वेळ काही बोललो नाही. मुलगा पुण्यात नोकरी करतो. तो म्हणाला, ‘आई, तू माझ्यासाठी थांबलीस तर तिचीही संधी जाईल.’ हे खरे होते, कारण अशा मुलांसाठी पाळी आल्यापासून एक वर्षाच्या आत पुढील पाऊल उचलणे बंधनकारक असते. ज्यांची मुले विशीच्या आसपास आहेत त्यांनी मंजुरीच्या पत्रावरच्या दोन्ही तारखा जपून ठेवाव्यात आणि मुलांच्या लग्नाचा विचार करताना हा नियम लक्षात घ्यावा.

स्थलांतरित सरकारी मदतीवर जगतात असा आरोप या वादात वारंवार होतो, म्हणून हमीपत्राविषयी सांगते. हमी देणाऱ्याचे उत्पन्न, येणाऱ्यांसह धरलेल्या कुटुंबाच्या आकारानुसार ठरलेल्या दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के तरी असावे लागते, आणि येणारा नागरिक होईपर्यंत किंवा त्याच्या कामाच्या चाळीस तिमाही पूर्ण होईपर्यंत साधारणपणे ही कायदेशीर जबाबदारी टिकते. दादा आता निवृत्तीला आला आहे, त्यामुळे सहहमीदार लागला. तो झाला भाचा, ज्याच्या मुंजीला मी जाऊ शकले नव्हते. अर्जदार भावंडाचा मधेच मृत्यू झाला तर मंजूर अर्जही सामान्यतः रद्द होतो. दादाच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली तेव्हा काळजी भावाची होती, पण त्या काळजीत हा नियमही मिसळला होता, आणि मला त्याचा फार त्रास झाला.

मुलाखतीची तारीख नोव्हेंबर २०२४ची आली. त्याआधी नेमून दिलेल्या डॉक्टरांकडे वैद्यकीय तपासणी होते : छातीचा एक्स-रे, रक्ततपासणी आणि लसी. तेव्हा करोनाच्या लसीचे प्रमाणपत्रही लागत होते. मुलीच्या लहानपणचे लसीकरणाचे कार्ड जपलेले होते, त्यामुळे तिला कमी लसी घ्याव्या लागल्या. लसींचे पैसे वेगळे होतात, ते आधी फोन करून विचारावे. बोटांचे ठसे वेगळ्या दिवशी वांद्रे-कुर्ला संकुलातील (बीकेसी) व्हिसा अर्ज केंद्रात घेतात. मुलाखतीला मोबाइल घेऊन जाता येत नाही, तो घरीच ठेवावा. पावसापाण्याचा आणि लोकलचा अंदाज घेऊन कुर्ल्याला किंवा वांद्र्याला लवकर उतरावे.

उजवा हात वर करून खरे सांगण्याची शपथ घेतल्यावर प्रश्न सुरू झाले. भाऊ काय करतो, शेवटची भेट कधी झाली, आईवडिलांची नावे काय, तिकडे कुठे राहणार. यजमानांनी मराठीतून उत्तरे दिली आणि ती इंग्रजीत सांगण्यासाठी कर्मचारी होते. अधिकारी शांतपणे बोलत होत्या. मुलीच्या वयाची वजाबाकी त्यांनी स्वतः करून पाहिली. शेवटी २२१(जी)ची चिठ्ठी मिळाली, म्हणजे अंतिम नकार नव्हे, पण नात्याचा आणखी पुरावा हवा. आईने जपून ठेवलेली, १९८०च्या दशकातील शिधापत्रिका त्या दिवशी उपयोगी पडली, कारण तिच्यावर दादाचे आणि माझे अशी दोन्ही नावे वडिलांच्या नावाखाली लिहिलेली होती. शाळेच्या जनरल रजिस्टरच्या उताऱ्यासह ती जमा केली. चिठ्ठी मिळाली तर घाबरू नये. मागितलेलेच कागद द्यावेत आणि प्रत्येकाची प्रत स्वतःकडे ठेवावी.

पासपोर्ट जानेवारीच्या अखेरीस हातात आले. त्यानंतर थोड्याच दिवसांत, ५ फेब्रुवारी रोजी, अमेरिकेच्या लष्करी विमानातून १०४ भारतीयांना अमृतसरला परत पाठवण्यात आले. त्यांतले तिघे महाराष्ट्रातले होते. त्यांना बेड्या घालून आणल्याचे समजल्यावर संसदेतही गदारोळ झाला. आमच्या इमारतीत काही जण मला म्हणाले, तुम्ही नियमाने थांबलात, त्यांना शिक्षा मिळाली हे योग्यच झाले. मला त्यात समाधान वाटले नाही. परत पाठवणे हा त्या देशाचा कायदेशीर अधिकार आहे हे मला मान्य आहे, पण हातापायांत बेड्या घालण्याची गरज मला पटलेली नाही. शिवाय त्या तरुणांपैकी बहुतेकांना उभे राहता येईल अशी रांगच अस्तित्वात नाही : ज्याचा भाऊ, आईवडील किंवा जोडीदार तिथे नागरिक नाही आणि ज्याच्याकडे पदवी नाही, त्याच्यासाठी त्या कायद्यात जवळजवळ कोणताही वर्ग नाही. सुधारणा करायची तर सीमेबरोबरच देशनिहाय मर्यादेला, न वापरलेल्या व्हिसांना आणि वाट पाहता पाहता मोठ्या होणाऱ्या मुलांच्या प्रश्नाला हात घालावा लागेल.

पुढचे काम असे. प्रवासाआधी प्रत्येकी २३५ डॉलरचे स्थलांतरित शुल्क ऑनलाइन भरायचे असते. ते भरल्यावर ग्रीन कार्ड दिलेल्या पत्त्यावर येते, आमच्या बाबतीत दादाच्या. व्हिसाची मुदत वैद्यकीय तपासणीच्या तारखेवर अवलंबून असल्याने आम्ही एप्रिल २०२५ची तिकिटे काढली. तिथे पोहोचल्यावर मी मुलासाठी एफ-२बी वर्गात, म्हणजे ग्रीन कार्डधारकाच्या २१ वर्षांवरील अविवाहित मुलांच्या वर्गात, अर्ज करू शकेन. त्या वर्गाची वाट २०२५च्या सुरुवातीला आठ वर्षांहून अधिक होती आणि मी नागरिक होईपर्यंत त्याने लग्न केले तर अर्ज रद्द होतो. मुलाने अर्ज कर म्हटले आहे, पण त्यासाठी आपले लग्न पुढे ढकलणार नाही हेही स्पष्ट सांगितले आहे, आणि मला त्याचे म्हणणे बरोबर वाटते. भावंडाने आज नवा अर्ज करावा का, असे विचारणाऱ्यांना मी ‘करावा’ असेच सांगते, कारण अर्ज करूनही भारतातले आयुष्य नेहमीसारखे चालू ठेवता येते. मात्र आज शाळेत असलेल्या मुलांना त्याचा लाभ मिळेल असे धरून त्यांचे शिक्षण, घर किंवा नोकरी यांचा निर्णय लांबवू नये.